आत्तीचा हातगुण

जेवणं आटपली, भांडी घासून पालथी घातली, आणि मालन अंगणातल्या खाटेवर जरा पाठ टेकते. झोपायचं नाही, हे ती स्वतःला बजावून ठेवते. ऊन चांगलं पडलंय, पण ते डोंगरातलं ऊन. पाठ भाजते आणि पोट गारठलेलंच राहतं. खाटेच्या पायाशी तुपाचे रिकामे डबे ओळीनं मांडलेत आणि त्यांत झेंडूची रोपं आहेत. त्यांचं तोंड बघायला नको म्हणून ती कूस बदलते. तर ह्या कुशीला दुकानाची मागची भिंत, आणि भिंतीला टेकून आणखी डबे. जीव नुसता वैतागून जातो.

रोपं दिसतातच तशी. लांबुडकी, पिवळट, माना टाकलेली, डब्याच्या बुडाच्या भोकांतून मुळं बाहेर लोंबणारी. "अजून डब्यातच?" असं संपत, तिचा नवरा, दुकानातून आत-बाहेर करताना रोज विचारतो, आणि ती रोज म्हणते, "तुमी तुमची भट्टी बघा." शेजारची नेगीण भिंतीवरून डोकावते. "भाभी, कब लगाओगी? अखरोट के पत्ते देखो, हथेली जितने हो गए!" मालनला दिसतात ना पत्ते. डोळे काय भाड्यानं दिलेत तिनं?

हे कोटधार. हिमाचलातलं बाजाराचं गाव, सफरचंदाच्या बागांच्या वर आणि बर्फाच्या जरा खाली. इथं सोन्याच्या गलाईचं दुकान एकच, आणि ते ह्या मराठी घराचं. विट्याकडची आमची माणसं जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं काम घेऊन कुठं कुठं पोचलीत, त्याला सुमार नाही. मालनचे सासरे इथवर चढून आले. सासूबाई गजराबाई. येताना त्यांनी पदराच्या गाठीत गावच्या झेंडूचं बी आणलं. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात, तेव्हा आपणही आत्तीच म्हणू.

तर आत्तीचं एक खूळ होतं. विट्याकडं घाटमाथ्यावर आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आळी करून काहीतरी मातीत घालतात. त्या दिवशी लावलेलं मरत नाही, असं मानतात. घाटमाथ्यावर हे ठीक आहे हो. तिथं आखितीला माती तव्यासारखी तापलेली असते, रोप मेलंच तर उन्हानं मरेल. इथं आखितीला ओढ्याच्या सावलीत अजून बर्फ असतं! दिवसा गोड ऊन पडतं, माणूस फसतो, आणि रात्री आभाळ निवळलं की दव पानावरच गोठून हिम होतं. सकाळी बघावं तर झेंडूचं पान उकडलेल्या भाजीसारखं काळं. म्हणून इथली माणसं अक्रोडाला पान फुटेपर्यंत झेंडूला बाहेरची हवाही दाखवत नाहीत. पण आत्तीला कोण सांगणार?

मालननं एकदा सांगून बघितलं होतं. नवी नवरी होती, अजून हातातला चुडाही उतरला नव्हता. "आत्ती, नेगीण म्हणती, थोडं थांबा." त्यावर आत्ती साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तू मला शेती शिकवतीस? माझ्या माहेरी मोट हुती, मोट!" आणि आखितीला रोपं वाफ्यात गेली. रात्री मालनला झोप लागेना. उठली, दुकानातली कोळशाची रिकामी पोती आणली, काटक्या रोवल्या, वर पोती टाकली. उजाडायच्या आत पुन्हा काढून ठेवली. सकाळी आत्ती वाफ्याशी उभी राहून नेगिणीला सांगत होती, "देखा? मेरे हाथ को गुण है!"

तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. दर साल आखितीला आत्ती लावणार, आणि अक्रोड फुटेपर्यंत मालन चोरासारखी उठून झाकणार. फारच थंडी उतरली तर भट्टीतले निखारे तडा गेलेल्या मुशींत, म्हणजे सोनं वितळवायच्या त्या मातीच्या वाट्यांत, भरून वाफ्यात नेऊन ठेवणार. आणि त्या वेळी आत्ती आत ढाराढूर घोरत असायची. दसऱ्याला बाजारातला प्रत्येक दुकानदार आत्तीकडं झेंडू मागायला यायचा. अम्माच्या हातात जादू आहे म्हणायचा. मालन त्याला चहा करून द्यायची.

मागच्या वर्षी पितृपंधरवड्यात आत्ती अंथरुणाला खिळली. दसरा तोंडावर, झाडं कळ्यांनी लगडलेली, आणि एका संध्याकाळी आभाळ अगदी लख्ख निवळलं. मालनला कळत होतं, आज पोती टाकायलाच हवीत. पण आत्तीनं तिचा हात धरून ठेवला होता, तो काही सोडेना. आणि खरं सांगायचं तर मालनलाही सोडवेना. पहाटे आत्ती गेली. उजाडल्यावर बघतात तो अंगणातला झेंडू सगळा काळाठिक्कर. बाजार हळहळला. "बघा, हात गेला, मागोमाग झाडं गेली!" मालन डोळ्याला पदर लावून ऐकत होती आणि पदराआड दातओठ खात होती.

भट्टीच्या धुराड्याला खेटून उगवलेलं एक झाड तेवढं वाचलं, त्याचं चिमूटभर बी निघालं. त्या बियांची ही डब्यातली रोपं. गावाकडं हा वाण आता कुणाकडं नाही, तिथं सगळे दुकानातून पुडी आणतात. ही गेली की आत्तीचा झेंडू संपला. आणि बाजार काय म्हणेल ते मालनला आत्ताच पाठ आहे: सासूच्या हाताला गुण होता, सुनेच्या नाही. त्याहून वाईट म्हणजे, तिला स्वतःलाही आताशा तसंच वाटायला लागलंय. आखिती येऊन गेली, अक्रोडही फुटला, तरी तिचा हात धजला नाही. आज आभाळ मोकळं, म्हणजे रात्री हिम. आज ढग, म्हणजे उद्या मोकळं, म्हणजे पुन्हा हिमच. आणि थांबावं तरी मरण. हा गावचा उंच झेंडू फुलायला भारी आळशी, उशिरा लावला तर बी धरायच्या आत दसऱ्याची थंडी त्याला गाठणार. असं दोन्हीकडून धरलंय मेल्यानं.

पापणी जड होते. कुणीतरी नळ सुरू ठेवलाय. "बंद करा ओ ते पाणी," मालन म्हणते, आणि मग तिच्या लक्षात येतं की अंगणात तर तिच्याशिवाय कुणी नाही.

नळावर आत्ती पाय धुतेय. लुगडं वर खोचलेलं, टाच दगडावर घासतेय, आणि पाणी भसाभस वाया चाललंय.

"कोण पडलंय गं उन्हात, म्हशीवाणी?"

मालन उठून बसते. भीती वाटत नाही. तिला आधी येतो तो राग. "आत्ती, तुमी वारलाय."

"मग? पाय धुवायचं न्हाईत?"

आत्ती दुसरी टाच घासायला घेते. "आखिती झाली न्हवं?"

"झाली."

"रोपं कुठं हायत?"

मालन बोटानं डबे दाखवते. आत्ती नळ तसाच सोडून येते, वाकते, एका डब्यातलं रोप दोन बोटांत धरून वर-खाली न्याहाळते. मग मालनकडं बघते. मग पुन्हा रोपाकडं.

"ही रोपं हायत का शेवया?"

"हिम पडतंय, आत्ती. परवासुदिक पडलं."

"माझ्या वेळंला न्हाई कवा पडलं."

मालनच्या मस्तकात तिडीक जाते. इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकदम घशाशी येतं, पण तोंड उघडून बोलावं तर आत्ती तिथं नसते. ती दुकानात असते. मालनही दुकानात असते. कशी आली, तिला ठाऊक नाही, पायात चपलाही नाहीत. भट्टी पेटलीय. आत्ती भट्टीपुढं बसून फुंकणीनं निखारे फुलवतेय, जे काम तिनं जन्मात केलं नाही. भट्टीत मूस आहे आणि मुशीत सोन्याऐवजी झेंडूच्या पाकळ्या रटरटतायत. वास सोन्याच्या तेजाबाचा नाही, दसऱ्याच्या तोरणाचा आहे.

गादीवर संपत बसलाय. त्याच्यापुढं छोटा तराजू आहे. तो एक रोप मुळासकट पारड्यात घालतो, दुसऱ्या पारड्यात वजनं ठेवतो आणि मान हलवतो.

"घट आली," तो म्हणतो.

सोनं वितळवलं की हिणकस जळून वजन उतरतं, त्याला घट म्हणतात. मालन म्हणते, "रोपाला कसली घट?"

"डब्यात जेवढं ऱ्हाईल, तेवढी घट," संपत म्हणतो आणि दुसरं रोप उचलतो. "ह्याला बी आली."

"तुमी तुमची भट्टी बघा!"

"भट्टी आई बघतीया न्हवं का."

मायलेक दोघंही एकाच वाणाचे. मालन त्याच्या हातातलं रोप हिसकावते, गादीवरचे सगळे डबे पदरात गोळा करते. भरलेले डबे पदरात मावायला नकोत, पण मावतात. ती दुकानाच्या पायऱ्या उतरते. बाहेर बाजार नाही. बाहेर विट्याचा एस.टी. स्टँड आहे, आणि त्यावर बर्फ पडतंय.

विट्याला बर्फ! मालनला ह्याचं मुळीच आश्चर्य वाटत नाही, फक्त वैताग येतो, की आता गाडी उशिरा येणार. उसाच्या रसाचं गुऱ्हाळ सुरू आहे, घुंगरं वाजतायत, आणि ग्लासांवर बर्फ साचतंय. फलाटावर माणसं रांगेनं बसलीत, उकिडवी, अंगावर पोती घेऊन. प्रत्येकाच्या डोक्यावरून खालपर्यंत एकेक कोळशाचं पोतं. कुणी हलत नाही, कुणी खोकत नाही. रांगेशेजारी रांग, वाफ्यासारखी.

आत्ती बाकावर बसलीय, मांडीवर पिशवी. सरकून जागा करते.

"कुठं निघालाय?" मालन विचारते.

"गावी. आखितीला."

"आखिती होऊन गेली, किती येळा सांगू?"

"तुझी झाली असंल." आत्ती माणसांच्या रांगेकडं हनुवटीनं दाखवते. "वळखली का पोती?"

मालन बघते. पहिल्या पोत्याच्या कडेला तिनंच दाभणानं मारलेले टाके आहेत. दुसऱ्याला निखाऱ्यानं पडलेलं भोक. सगळी तिचीच पोती आहेत. आणि मग ते एकदाचं बाहेर येतं.

"माझीच हायत!" ती ओरडते. "राती उठून मीच झाकायची. दर साल! बोटं बधिर व्हायची थंडीनं. आन् तुमी आत घोरत पडायच्या, आन् सकाळी उठून म्हणायच्या, मेरे हाथ को गुण है! कसला गुण आन् कसलं काय! माझ्या पोत्यांचा गुण हुता तो!"

रसवाला वळून बघत नाही. पोत्यांतली माणसं हलत नाहीत. कंट्रोलरच्या खिडकीतून कुणीतरी बस लागल्याचं सांगतो, पण गावाचं नाव कळत नाही.

"वरडू नगंस," आत्ती म्हणते. "बस चुकंल माझी."

"चुकू दे!"

"मला ठाव हाय."

"काय ठाव हाय तुमाला?"

"तू झाकायचीस ते."

मालन पदर सावरून धरते. पदरातले डबे जड व्हायला लागतात.

"पोती उचलून न्यायचीस, पर पोत्याचं सूत झाडाला अडकून ऱ्हायचं," आत्ती म्हणते. "काळं काळं धागं, ह्या फांदीला, त्या फांदीला. उन्हं यायच्या आत एकेक येचून काढायची मी. नेगिणीला दिसलं असतं म्हंजे? आन् तुला वाटायचं, म्हातारी सकाळच्या पारी झाडांसंगं बोलतीया."

खरंच तसंच वाटायचं. मालननं हे कितीदा चुलीपासून बघितलेलं आहे: आत्ती वाफ्यात वाकलेली, झाडाला काहीतरी चाचपत, तोंडानं पुटपुटत. कौतुक करतेय बया स्वतःचंच, असं म्हणून मालन तिकडं पाठ करायची.

"ठाव हुतं, तर बाजारभर मिरवलंत कशाला?"

"मिरवलं नसतं, तर तू उठली असतीस व्हय?"

"म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे. मी काय खुळी हाय? अक्रोड मला बी दिसत हुता की. भिंतीपल्याडच तर हाय." आत्ती पिशवीचा बंद सोडते, पुन्हा बांधते. "पयल्या साली तुझ्यावर चिडून लावली. पुढं तू झाकायला हुतीस, म्हणून आखिती धरली. नसतीस, तर मी बी गपगुमान अक्रोडाकडंच बघत बसले असते."

मालनला रडू येतं, आणि रडू आलं म्हणून जास्तच राग येतो. काय बाई आहे ही! एवढी वर्षं एका छपराखाली राहिलो, एका ताटातलं खाल्लं, एका न्हाणीत न्हालो.

"एकदा तरी बोलायचं, आत्ती! एकदा तरी म्हणायचं, की मालन, मला ठाव हाय."

"तू बोललीस?"

बर्फ पडत राहतं. आत्तीच्या डोक्यावर साचत नाही, मालनच्या साचतं. आत्ती हात लांब करून ते झटकते, जरा जोरातच, लहान पोराच्या केसांतली माती झटकावी तसं.

मालन खाली मान घालून म्हणते, "त्या राती न्हाई गेले मी झाकायला."

"हां."

"दसरा तोंडावर हुता. सगळा जळाला. तुमी हात सोडला न्हाईत."

"न्हाई सोडला," आत्ती म्हणते. आणि मग, रस्त्याकडं बघत, "भ्या वाटत हुतं मला."

आत्तीला भीती वाटते हे मालननं तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ना हिमाची, ना रस्ता खचल्याची, ना सासरे गेले तेव्हा. ती आत्तीच्या जवळ सरकते. बाक गार आहे, आत्ती ऊबदार आहे, आणि हे उलटं असायला हवं, एवढं मालनला झोपेतही कळतं.

"आता मी लावली, तर झाकणार कोण?" ती विचारते.

"तूच की."

"लावू बी मीच आन् झाकू बी मीच?"

"मग बाजारात माणूस ठिवतीस का?"

"आन् मेली तर, आत्ती?"

"मेली तर मेली. डब्यात काय जगत्यात?" आत्ती उठते. बस आली आहे. बसला दारं नाहीत, टपावर पोत्यांची चळत आहे, आणि फलाटावरची माणसं आता तिथं नाहीत. फलाटही नाही. जिथं माणसं रांगेनं बसली होती तिथं नांगरलेली काळी माती आहे, वाफे पाडलेली. आत्ती पाय उचलून टाकते तशी टाच मातीत रुतते.

"जाते म्हणावं की न्हाई?" मालन चिडून म्हणते. "तशाच निघालाय!"

आत्ती मागं वळते. पण निरोप घ्यायला नाही. ती मालनच्या पदरातला एक डबा उचलते, उलटा करते, बुडावर थाप मारते. रोप मुळांच्या गुंत्यासकट हातात येतं. आत्ती तिथंच फतकल मारून बसते आणि हातानं माती उकरायला लागते. बसचा ड्रायव्हर भोंगा वाजवतो.

"आत्ती, आभाळ बघा आधी! मोकळं हाय!"

आत्ती उकरतेच आहे.

"आवो, ऐका की माझं! एवढं खोल कशाला? आत्ती, ठेवा ते! ठेवा म्हणते ना!"

स्वतःच्याच ओरडण्यानं मालन जागी होते.

खाट. अंगण. ऊन भिंतीवरून उतरून नळापाशी गेलंय, नळ बंद आहे. दुकानातून संपतच्या हातोडीची टकटक ऐकू येतेय. तोंडाला कोरड पडलीय. मालन उठून पाय खाली सोडते, तर पायाला एक डबा लागतो आणि घरंगळत जातो. रिकामा असतो म्हणून घरंगळतो.

ती डब्यांची ओळ बघते. ओळीत एक जागा मोकळी आहे. मग ती वाफ्याकडं बघते.

वाफ्यात, अगदी मधोमध, झेंडूचं एक रोप उभं आहे. भोवती आळं केलेलं आहे, आळ्यात पाणी अजून मुरतंय. मालन स्वतःचे हात उलटेपालटे करून बघते. हात कोरडे आहेत, नखं स्वच्छ आहेत, भांडी घासल्याची राख तेवढी एका बोटाच्या पेरात राहिलीय.

"आवो!" ती हाक मारते. संपत दारात येतो, तोंडावर फडकं बांधलेलं. "रोप तुमी लावलं व्हय?"

"कुठलं रोप? भट्टीवरनं उठलो न्हाई मी मघापासनं." तो वाफ्याकडं बघतो. "लावलंस व्हय शेवटी? बरं झालं. पर एकच?"

मालन वाफ्याशी जाऊन बसते. रोप फारच खोल लावलंय; वरची चार पानं काय ती दिसतात, बाकी दांडा सगळा गळ्यापर्यंत मातीत. असं कुणी लावतं का? ती उपटून नीट लावावं म्हणून दोन बोटांत धरते, आणि रोप हलत नाही. डब्यात तर ते फुंकर मारली तरी लवत होतं. लांबुडकी झालेली रोपं अशीच लावायला हवीत. तिच्या डोक्यात हे आलं नसतं, कारण लावायचं काम तिनं कधी केलंच नाही.

"एवढी अक्कल हुती, तर," ती म्हणते, नाक पदरानं पुसते आणि खुरपं आणायला उठते.

सगळी रोपं मातीत जाईपर्यंत ऊन डोंगरापलीकडं गेलेलं असतं. सगळी गळ्यापर्यंत. कंबर मोडून येते. आभाळ बघावं तर एक ढग नाही, आणि वारा पडलाय. कानाच्या पाळ्या गार पडायला लागतात. मालन दुकानात जाते, कोळशाची रिकामी पोती झटकते, सगळी एकदम खांद्यावर टाकून अंगणात येते आणि काटक्या रोवायला लागते. अजून चांगला उजेड आहे. लपूनछपून काही नाही.

नेगीण भिंतीवरून डोकावते. आधी तिला वाफा दिसतो. "अरे वाह भाभी, लगा दिए!" मग तिला पोती दिसतात. ती हनुवटी भिंतीवर टेकवून जरा वेळ बघते आणि म्हणते, "अम्मा के टाइम तो कभी ढकना नहीं पड़ा."

मालन काटकी रोवता रोवता थांबते. सरळ उभी राहते.

"पड़ता था," ती म्हणते. "हर साल पड़ता था. मैं ढकती थी."

"तुम?"

"रात को उठके."

"और अम्मा को पता था?"

"पता था," मालन म्हणते. "अम्मा लगाती थी, मैं ढकती थी."

नेगीण आपल्या घरात जाते आणि येताना सफरचंदांवर टाकायच्या जुन्या ताडपत्रीचा एक तुकडा घेऊन येते, भिंतीवरून ह्या बाजूला टाकते. "ये भी ले लो," म्हणते, आणि भांडी लावायला परत आत जाते.

मालन पहिलं पोतं उलगडते. ओळीच्या टोकापासून सुरुवात करायची, म्हणजे पोती पुरतात, हे तिला माहीत आहे. पण ती टोकाला जात नाही. वाफ्याच्या मधोमध, त्या एकट्या लावलेल्या रोपापाशी जाते, पोत्याच्या चारी कडा मातीत नीट खोचते, कडांवर दगडही ठेवते.

हे आधी झाकायला हवं. हे आत्तीनं लावलंय.